'करण्यात येत आहे' म्हणजे नक्की कोण करणार? बोजड मराठी कशी घडते आणि कशी सोडवायची

पाणी बंद राहणार असल्याची सूचना कुठल्याही शहरात साधारण अशी असते:

"सर्व नागरिकांना याद्वारे सूचित करण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम तातडीने हाती घेण्यात येणार असल्याने गुरुवार रोजी संपूर्ण दिवस शहरातील पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असून, शुक्रवार रोजी सकाळी पाणीपुरवठा कमी दाबाने करण्यात येईल, तरी सदर कालावधीत नागरिकांनी पाण्याचा काटकसरीने वापर करून सहकार्य करावे."

शब्द 44, वाक्य एकच. वार कळतो सतराव्या शब्दाला. पाणी बंद आहे हे कळते तेविसाव्या शब्दाला. ज्या बाईला कामावर निघण्याआधी पिंप भरून ठेवायचे आहे, तिला हे वाक्य दोनदा वाचावे लागते. आता हीच माहिती:

"गुरुवारी दिवसभर शहरात पाणी येणार नाही. शुक्रवारी सकाळी कमी दाबाने येईल. पाणीपुरवठा विभाग मुख्य जलवाहिनी दुरुस्त करणार आहे. बुधवारीच पाणी भरून ठेवा आणि जपून वापरा."

शब्द 25, वाक्ये चार. यात 'जलवाहिनी' मुद्दाम तशीच ठेवली आहे. शब्द संस्कृत असला तरी रोजच्या बातम्यांनी तो घरोघरी पोहोचवला आहे. मुळात पहिल्या सूचनेत कोशात पाहावा लागेल असा एकही शब्द नाही. तरीही ती जड आहे, कारण जडपणा तिच्या बांधणीत आहे. बोजड भाषेचा विषय निघाला की आपण शब्दांना धरतो, 'सदर' काढून 'हा' घालतो आणि काम झाले असे समजतो. वाक्य मात्र होते तिथेच राहते.

बांधणीत बिघाड कुठे होतो

पहिला बिघाड म्हणजे कर्ता गायब होणे. वरच्या सूचनेत 'करण्यात येते', 'घेण्यात येणार', 'ठेवण्यात येणार', 'करण्यात येईल' अशी एकाच घडणीची चार क्रियापदे आहेत. करणारा एकदाही दिसत नाही. मराठीला कर्मणी प्रयोग परका नाही. 'पोलिसांनी चोर पकडला' हा कर्मणीच, पण त्यात पोलीस पहिल्याच शब्दात हजर असतात. इंग्रजी अमलात कायदे, जाहीरनामे आणि हुकूम इंग्रजीत तयार होऊन मराठीत उतरू लागले, तेव्हा इंग्रजी वाक्याचा साचाही सोबत आला. 'रावण रामाकडून मारला गेला' ही त्याच साच्यातली रचना. व्याकरणाच्या पुस्तकांत तिला 'नवीन कर्मणी' म्हणतात. पुढे त्यातला 'रामाकडून'ही गळला आणि 'मारण्यात आला' एवढेच उरले.

याचे नुकसान केवळ शैलीचे नाही. 'अर्जांची छाननी करण्यात येऊन पात्र लाभार्थ्यांची यादी यथावकाश प्रसिद्ध करण्यात येईल' हे वाक्य सोपे करायला बसा. छाननी कोण करणार, तलाठी की तहसील कार्यालय? यादी कुठे लागणार आणि कोणत्या तारखेला? सोपे वाक्य लिहिताना ही उत्तरे द्यावीच लागतात. पुष्कळदा असे दिसते की ती ठरलेलीच नाहीत. जड वाक्याने तो निर्णय न घेण्याची सोय करून दिलेली असते. म्हणून मजकूर सोपा करणाऱ्याने भाषेवर हात फिरवून थांबू नये, संबंधित अधिकाऱ्याकडे जाऊन कोण आणि केव्हा हे विचारून यावे.

दुसरा बिघाड क्रियापदाचे नाम करण्याचा. वाटणे या एका शब्दाचे 'वितरण करणे' होते, मग 'वितरणाची कार्यवाही करणे' होते, आणि शेवटी 'वितरणाची कार्यवाही पूर्ण करण्यात येणे' होते. निघाले ऐवजी 'प्रस्थान केले', सांगितले ऐवजी 'निदर्शनास आणून दिले', सुरू केले ऐवजी 'कार्यान्वित केले', दिले ऐवजी 'उपलब्ध करून दिले'. प्रत्येक नामाला आपले विभक्तीप्रत्यय लागतात, 'च्या-ची-चे' यांची साखळी वाढते आणि खरी क्रिया मागे ढकलली जाते.

तिसरा बिघाड मराठीच्या स्वभावातून येतो, म्हणून तो सर्वांत जास्त जपण्याजोगा. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी असते. 'असून', 'असल्याने', 'करून', 'तरी' या जोडांनी एकामागून एक उपवाक्ये अडकवली की वाचकाला सगळे ओझे शेवटच्या शब्दापर्यंत डोक्यात धरून चालावे लागते. आधी काय घडणार ते माहीत नसताना कारणे, अटी, तारखा लक्षात ठेवायच्या. दोन जोडांपर्यंत सांभाळता येते, तिसऱ्याला धागा सुटतो. सूचना, फलक, पत्रक यांत एका वाक्यात आठ ते बारा शब्द आणि फार तर एक जोड, एवढी मर्यादा पाळली तर बहुतेक मजकूर आपोआप सुटा होतो. लेखात किंवा निबंधात वाक्य याहून खुशाल लांब असू द्या. तिथे वाचक बसून वाचत असतो.

संस्कृत शब्दांचा दोष किती?

थोडा आहे, पण समजला जातो तेवढा नाही. महाराष्ट्र राज्य 1960 साली झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि इंग्रजी पदनामांना मराठी प्रतिशब्द देणारा 'पदनाम कोश' 1962 साली आला. आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले. टीका गाजली. पण जिल्हाधिकारी, आयुक्त, अधीक्षक, संचालक, अभियंता हे शब्द आज शेतकरीही सहज बोलतो. 'कलेक्टर'ही बोलतो. दोन्ही चालतात. सावरकरांनी सुचवलेले दिनांक, महापौर, दिग्दर्शक तर आता कुणाला नवे वाटतही नाहीत. दुसरीकडे 'दूरध्वनी' कागदावर राहिला आणि बोलण्यात फोनच आला. 'नस्ती' हा शब्द मंत्रालयात रोज चालतो; बाहेर ती फाइलच असते.

यावरून निकष मिळतो. शब्द कोणत्या भाषेतून आला हे पाहू नये, तो ऐकणाऱ्याच्या तोंडात आहे का ते पाहावे. अकराव्या शतकातल्या काश्मिरातील मम्मटाने काव्यातले दोष सांगताना नेमके हेच वेगळे काढले आहे. शब्द व्याकरणाने बरोबर, पण वापरात नाही, तर तो 'अप्रयुक्त' दोष. एखाद्या शास्त्रापुरताच माहीत असलेला शब्द सर्वांसमोर वापरला, तर 'अप्रतीत'. अर्थ वळसे घेऊन हाती लागत असेल, तर 'क्लिष्ट'. नसला तरी चालणारा शब्द म्हणजे 'अधिकपद'. मराठीत आपण त्याला पिवळा पीतांबर म्हणतो. 'दुःखद निधन', 'विनामूल्य मोफत', 'पुनश्च एकदा' ही त्याच घरातली मंडळी. अलंकाराचे शास्त्र लिहिणाराच हे दोष मोजतो, आणि प्रसाद, म्हणजे अर्थ सहज कळणे, हा गुण सगळीकडे हवा असे सांगतो. त्याची उपमा फार नेमकी आहे: वाळक्या लाकडाला विस्तव लागावा तसा अर्थ मनात झटकन पसरला पाहिजे.

शास्त्रीय आणि कायदेशीर शब्द या निकषातून वेगळे ठेवायचे. फेरफार, पंचनामा, गहाणखत, प्रतिज्ञापत्र, हरकत, वहिवाट यांना ठरलेला अर्थ आहे. 'सोपे करतो' म्हणून 'प्रतिज्ञापत्र' काढून 'लिहून दिलेला कागद' घातला, तर अर्जदार चुकीचा कागद घेऊन जाईल आणि त्याची फेरी वाया जाईल. शब्द तोच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजवावा.

भारदस्त दिसण्यासाठी ओढून आणलेला संस्कृत शब्द बरेचदा चुकतो, आणि मग भारदस्तपणाही जातो. रस्त्यांची 'दुरावस्था' छापली जाते. दुर् आणि अवस्था मिळून होते ती दुरवस्था. 'अनावधानाने' हे 'अनवधानाने' हवे, 'उहापोह' हा 'ऊहापोह' हवा, 'निर्भत्सना' ही 'निर्भर्त्सना' हवी. साठीच्या समारंभाच्या फलकावर 'षष्ठ्यब्दी' लिहितात. षष्ठ म्हणजे सहावा. साठ म्हणजे षष्टि. साठ वर्षांच्या माणसाच्या गौरवात ठ आणि ट बदलल्याने त्याचे वय सहा होते. 'साठी पूर्ण' लिहिले असते तर ही वेळच आली नसती. 'उद्घाटन', 'अनावरण', 'लोकार्पण', 'प्रकाशन' यांचीही अशीच सरमिसळ होते. पुतळ्याचे अनावरण, पुस्तकाचे प्रकाशन, इमारतीचे उद्घाटन, आणि लोकांच्या वापरासाठी खुल्या केलेल्या वास्तूचे लोकार्पण.

शासन निर्णय वाचायचा कसा

सरकारी भाषा सोपी होईपर्यंत लोकांचे काम थांबत नाही. शाळेच्या शिष्यवृत्तीचा किंवा पीकविम्याचा जीआर हातात पडतो आणि आजच समजून घ्यावा लागतो. त्याची रचना माहीत असेल तर अर्धे काम होते. वर विषय, मग 'वाचा' किंवा 'संदर्भ' या शब्दाखाली जुन्या निर्णयांची यादी, मग 'प्रस्तावना', मग 'शासन निर्णय'. पहिल्या वाचनात थेट 'शासन निर्णय' या मथळ्यावर जा. प्रस्तावनेत हा निर्णय का घेतला ते असते. तुम्हाला काय मिळणार ते खाली असते.

मग प्रत्येक लांब वाक्य शेवटाकडून वाचा. आधी क्रियापद शोधा: 'मान्यता देण्यात येत आहे', 'रद्द करण्यात येत आहे', 'मुदतवाढ देण्यात येत आहे'. काय घडले ते कळले की मागे सरकत कशाला, कुणाला, कधीपर्यंत हे हुडका. पेन्सिलीने 'तथापि' आणि 'परंतु' या शब्दांभोवती गोल करा, कारण अपवाद आणि अटी तिथेच दडलेल्या असतात. लोक वाक्याचा पहिला भाग वाचून खूश होतात आणि अर्ज फेटाळला जातो तो 'तथापि'च्या पुढच्या ओळीमुळे. 'सबब' म्हणजे म्हणून. तिथून निष्कर्ष सुरू होतो. 'अनुज्ञेय राहील' म्हणजे मिळू शकेल. 'विहित नमुन्यात' म्हणजे ठरवून दिलेल्या फॉर्मवरच, साध्या कागदावर नाही. 'अधीन राहून' म्हणजे अट पाळली तर. 'पूर्वलक्षी प्रभावाने' म्हणजे मागच्या तारखेपासून, आणि असे असेल तर थकबाकीचा प्रश्न जरूर विचारावा. 'यथावकाश' दिसले तर समजावे की तारीख दिलेली नाही. अर्ज देताना ती लेखी मागावी.

भाषणातला भार

बोलण्यातला डामडौल लिखाणापेक्षा वेगळा असतो, कारण तो वेळेत मोजता येतो. व्यासपीठावर 12 जण असतील आणि प्रत्येकाचे नाव बिरुदांसह घ्यायला 10 सेकंद लागत असतील, तर एका वक्त्याची 2 मिनिटे त्यात जातात. वक्ते 8 असतील तर 16 मिनिटे. श्रोत्यांनी तीच 12 नावे आठ वेळा ऐकलेली असतात, आणि ज्याच्यासाठी ते आले तो शेवटचा वक्ता घाईत उरकतो. उपाय जुनाच आहे. सूत्रसंचालकाने सर्वांची नावे एकदा मानाने घ्यावीत. नंतरच्या प्रत्येकाने 'अध्यक्ष महाराज आणि मंडळी' म्हणून विषयाला हात घालावा. यात कुणाचा अपमान होत नाही. उलट एका माणसाला 'कार्यसम्राट, विकासपुरुष, दानशूर, गोरगरिबांचे कैवारी' अशी चार बिरुदे लावली की त्याने बांधलेल्या एका वसतिगृहाचा उल्लेख राहून जातो. खरा मान त्या वसतिगृहाच्या उल्लेखात आहे: कुठल्या गावात, किती मुलांसाठी.

'या ठिकाणी', 'त्या माध्यमातून', 'खऱ्या अर्थाने', 'निश्चितपणे', 'एक वेगळ्या प्रकारचा' हे शब्द वक्ता मुद्दाम वापरत नाही. पुढचे वाक्य तयार होईपर्यंत तोंड चालू ठेवण्याची ती सवय असते, शांततेची भीती वाटते म्हणून लागलेली. ती शब्दांची यादी करून सुटत नाही. पाच मिनिटांच्या बोलण्यासाठी कार्डावर तीनच मुद्दे लिहा, प्रत्येक मुद्द्याखाली एक नाव, एक आकडा किंवा एक घटना. दोन मुद्द्यांच्या मध्ये दोन सेकंद गप्प बसायचा सराव घरी करा. पाठ केलेले पल्लेदार वाक्य मधेच विसरले की वक्ता कोसळतो, आणि समारंभात सर्वाधिक फजिती यानेच होते. आकडा किंवा घटना विसरत नाही, कारण ती आपल्याला खरोखर माहीत असते.

थाटमाट हवा तिथे हवाच

भव्य भाषा वाईट असती तर बाणभट्टाच्या गद्यकथेचे नाव आपण कथाप्रकारालाच दिले नसते. मराठीतली 'कादंबरी' तिथूनच आली. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने तर समासांची रेलचेल असलेले ओज हे गद्याचे जीवन म्हटले आहे. मंगलाष्टकाची एकोणीस अक्षरांची शार्दूलविक्रीडित ओळ, पोवाड्याचा चढता सूर, गडावरची गारद म्हणजे राजाच्या बिरुदांची ललकारी, यांतून थाट काढला तर काहीच उरणार नाही. प्रश्न फक्त जागेचा आहे.

ती जागा आपल्याकडे फार पूर्वी कुणीतरी अचूक ओळखली होती. शिवाजी महाराजांची मुद्रा घ्या:

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥

प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाला वंद्य अशी, शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा लोककल्याणासाठी शोभते. अक्षरे फक्त 32. उपमा आहे, वडिलांचे नाव आहे, राज्याचा हेतू आहे. भव्य, आणि एकही शब्द वाया नाही.

आता त्याच राजाचे, राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातले, चिपळूण भागात मुक्कामाला असलेल्या फौजेच्या अंमलदारांना लिहिलेले पत्र घ्या. सुरुवातीला रीतीप्रमाणे मायना, आणि मग सरळ कामाची गोष्ट. दाणा आणि गवत आत्ताच उधळू नका. पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील. कुणब्यांकडून धान्य, भाजी, गवत हिसकावून आणू नका. ते गाव सोडून जातील आणि तुम्ही त्यांना मोगलांपेक्षा वाईट वाटाल. गवताच्या गंजीजवळ विस्तव करू नका, तंबाखू ओढू नका. रात्री दिवा जळता ठेवू नका. उंदीर जळती वात ओढून नेईल आणि आग लागेल. करायचे काय, का आणि न केल्यास काय होईल, हे एकेका धोक्यापाठोपाठ सांगितले आहे, उंदरापर्यंत. शिपायाला चुकीचा अर्थ काढायला जागाच ठेवलेली नाही. मुद्रेची संस्कृत पत्राच्या मजकुरात उतरत नाही, आणि मजकुराचा रोखठोकपणा मुद्रेत शिरत नाही.

जुन्या लग्नपत्रिकेतही हाच शहाणपणा आहे. 'आमचे येथे श्रीकृपेकरून', 'शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे', 'सहकुटुंब सहपरिवार येऊन वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत' ही भाषा आज कुणी बोलत नाही; त्यातल्या 'शरीरसंबंध'चा अर्थ सोयरीक हेही अनेकांना सांगावे लागते. तरी पत्रिकेमुळे पाहुणे चुकत नाहीत. कारण मुहूर्त, वार, तारीख आणि कार्यालयाचा पत्ता वेगळ्या ओळींत, ठळक अक्षरांत असतो. अलीकडे समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या निमंत्रणांत हेच बिघडले आहे: बारा ओळींच्या काव्यमय परिच्छेदात वेळ सातव्या ओळीला येते आणि पत्ता येतच नाही.

मजकूर सोडवायचा क्रम

हातात जड मजकूर असेल तर आधी तो बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर फक्त उत्तरे लिहा: काय होणार, केव्हा, कुठे, कुणासाठी, कोण करणार, वाचणाऱ्याने काय करायचे. जे उत्तर मूळ मजकुरात सापडत नाही तिथे फुली मारा. वरच्या पाण्याच्या सूचनेत 'कोण' आणि 'वाचणाऱ्याने नेमके काय करायचे' या दोन ठिकाणी फुल्या पडतात. 'सहकार्य करावे' हे उत्तर नव्हे, कारण त्याने कुणाच्याही हातून काही घडत नाही. फुल्या भरून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग वाचणाऱ्याला ज्याची सर्वांत घाई ते पहिल्या वाक्यात आणा. कारण नंतर येऊ द्या. 'गुरुवार रोजी'चे 'गुरुवारी' करा, 'करण्यात येईल'च्या जागी कर्ता घालून 'करील' किंवा 'करू' लिहा. 'आम्ही' लिहायला कार्यालये बिचकतात. विभागाचे नाव लिहिले तरी चालते. जोडशब्दापाशी वाक्य तोडा. विशेषणे सगळ्यात शेवटी तपासा: विशेषण काढल्यावर अर्थ बदलला तर ठेवा, नाहीतर जाऊ द्या. 'कमी दाबाने' राहतो, कारण वरच्या मजल्यावर पाणी चढणार नाही हे त्यातून कळते. 'तातडीने' जातो.

तोडताना एक सांभाळा. अट आणि तिचा परिणाम वेगळ्या परिच्छेदांत गेले तर माणूस फक्त परिणाम वाचतो. 'उत्पन्नाचा दाखला जोडला तरच शुल्क माफ होईल' हे एकाच वाक्यात राहू द्या, लांब झाले तरी. आणि आदर कापू नका. 'पाणी भरून ठेवा' यात आदर आहे. 'भरून ठेव' यात नाही, आणि 'भरून ठेवण्याची कृपा करावी' यात अंतर आहे.

शेवटी मजकूर या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्याला मोठ्याने वाचायला द्या: वॉचमन, दुकानातला मुलगा, आजी. तो कुठे श्वास घेतो ते पाहा. वाक्याच्या मधे घेतला तर ते वाक्य लांब आहे. मग कागद परत घ्या आणि विचारा, कधी आणि काय करायचे? जिथे तो अडखळेल, तिथे खूण करून ठेवा आणि तेवढेच वाक्य पुन्हा लिहा.